पाणंदीला वाफसा येऊ द्या, मगच सायकल घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि रुंद टायरची सायकल घेऊन कोल्हापूरकडे यायला कोणता रस्ता, कोणता महिना, अशी विचारणा बाहेरगावाहून सुरू झाली. डांबरी सोडून खडी, मुरूम आणि मातीच्या वाटांनी लांब पल्ला मारायचा, याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. त्यासाठी मुद्दाम काही बांधावे लागत नाही. शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी, नद्यांवरचे बंधारे, धनगरवाड्यांकडे जाणारे मुरमाड रस्ते आणि त्यांच्या टोकाला जुनी लेणी, शिलाहार राजांच्या काळापासूनचे गड, देवळे हे सगळे इथे आहेच. पण कोणत्या वाटेवर कोणती माती आहे, तिच्यात सायकल कधी घालायची आणि कुठे उतरून पायी जायचे, हे ठाऊक नसले तर सायकल, शेतकऱ्याची पाणंद आणि जुने अवशेष या तिन्हींचे नुकसान होते. म्हणून हे पत्र.

सुरुवात मातीपासून करतो, कारण आपल्या जिल्ह्यात टायर, हवा आणि महिना या तिन्ही गोष्टी मातीच ठरवते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळमध्ये जेमतेम ५००-६०० मिमी. त्यामुळे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत पायाखालची जमीन पूर्ण बदलते. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडे जांभा दगड आणि तांबडी माती. कागल, करवीरच्या माळांवर मुरूम. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठाला काळी, खोल, चिकट माती. जांभ्यावरून पाणी लवकर निथळते, पाऊस उघडल्यावर काही तासांत वाट सायकलला देता येते. काळ्या मातीला दोन ते तीन दिवस कडक ऊन लागते. याला शेतकऱ्याकडे नेमका शब्द आहे, वाफसा. मूठभर माती मुठीत दाबली आणि बोटाला न चिकटता तिचा गोळा होऊन तो हलक्या धक्क्याने फुटला, की वाफसा आला. ज्या दिवशी शेतकरी रानात औत घालत नाही, त्या दिवशी आपण पाणंदीत सायकल घालू नये. ओल्या पाणंदीत टायर जी चाकोरी पाडतो तिच्यात पुढच्या पावसाचे पाणी साठते, पुढची बैलगाडी ती आणखी खोल करते, आणि शेवटी ऊस वाहणाऱ्याची ट्रॉली तिथेच रुतते.

ओल्या काळ्या मातीत सायकलचे काय होते तेही सांगायला हवे. माती टायरला गुंडाळत जाते, चिमट्याच्या खाली आणि चेनस्टेजवळ (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्यांजवळ) अडकते, आणि पन्नास पावलांत चाक फिरायचे थांबते. तरीही जोर लावून पायडल मारले तर चेन उडते किंवा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चाकात ओढला जातो. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंनी किमान ६ मिमी मोकळी जागा हवी, आणि शिरोळ-हातकणंगलेकडे जाणाऱ्याला तीही अपुरीच पडते. पावसाळ्यात मडगार्ड लावून काळ्या रानात जाणे तर टाळावेच. माती भरली की थांबावे, सुबाभळीची काडी घेऊन खरवडावे आणि सायकल खांद्यावर घेऊन डांबरी गाठावे.

टायरबद्दल सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर. आपल्याकडे ७०० सी चाकाला ४० ते ४५ मिमी रुंदीचा टायर योग्य. जांभ्याच्या कडा करवतीसारख्या असतात, त्या तळापेक्षा टायरची बाजू कापतात. म्हणून हलका शर्यतीचा टायर न घेता बाजू मजबूत असलेला घ्यावा, शंभर ग्रॅम वजन वाढले तरी चालेल. ट्यूबलेस असेल आणि स्वाराचे वजन ७० किलोच्या आसपास असेल, तर ४२ मिमी टायरमध्ये पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा पुरते. सामान लादले असेल तर मागे ३ ते ४ पीएसआय वाढवावी. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ६ ते ८ ने जास्त ठेवावी, नाहीतर दगडावर आपटून रिमच्या दोन कडांमध्ये ट्यूब चिमटते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोके एकदम पडतात. रस्त्यावरच्या पंपावर टायर दगडासारखा टणक करून देण्याची पद्धत आहे. तसा टायर खडीवर उड्या मारतो, पकड सोडतो, आणि हातांना मुंग्या येतात. पायाने मारायच्या पंपाचा काटा ३० पीएसआयच्या खाली बहुधा खरा दाखवत नाही, म्हणून हवा मोजायचे छोटे डिजिटल यंत्र वेगळे घ्यावे.

ट्यूबलेसच्या आतला सीलंट, म्हणजे भोके बुजवणारा द्रव, प्रत्येक टायरला ६० मिली. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तो दोन महिन्यांत वाळून पापडी होतो. टायर हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत नसेल तर नवा घालावा. पूर्वेकडे दिवाळीनंतर बांधांच्या कडेला सराटे वाळतात आणि कुंपणाच्या बाभळीचे काटे पाणंदीत पडतात. सीलंट ही भोके बुजवतो खरी, पण काटे टायरमध्ये तसेच राहतात. पुढे कधी टायर फाटून आत ट्यूब टाकायची वेळ आली, तर हे जुने काटे ट्यूबला लगेच फोडतात. म्हणून ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवावे. काटा फडक्याला अडकतो, बोटाला लागत नाही. बाजू कापली गेली तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) टिकत नाही. जुन्या टायरचा चार बोटे लांब तुकडा कापून जवळ ठेवावा, तो आतून लावावा आणि त्यावर ट्यूब घालून कमी वेगाने परतावे.

उसाच्या हंगामातला धोका बाहेरच्या कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाणंदीत पाचट (उसाची वाळलेली पाने) आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) पसरलेले असतात. पाचटाचे एक लांब पान मागच्या डिरेलरच्या छोट्या चक्रीत शिरले की ते क्षणात गुंडाळते, डिरेलर मागे ओढला जातो आणि तो फ्रेमला जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा हँगर मोडतो. किर्र असा आवाज आला की त्याच क्षणी पाय थांबवायचे. उलटे पायडल मारू नये, त्याने पान आणखी आत जाते. उतरून हाताने ओढून काढावे. आपल्या सायकलचा हँगर दुसऱ्या सायकलला सहसा बसत नाही, त्यामुळे स्वतःच्या मॉडेलचा एक जादा हँगर पिशवीत असायलाच हवा. तो आयत्या वेळी गडहिंग्लजला काय, कोल्हापूर शहरातही मिळेल याची खात्री नाही. तो नसेल तर चेन तोडायच्या यंत्राने चेन आखूड करून एकाच गिअरवर घरी येता येते, म्हणून ते यंत्र आणि जोडकडी बरोबर ठेवावी.

गिअर हलके हवेत. पुढे ४० दात्यांची आणि मागे सर्वांत मोठी ४२ दात्यांची चकती असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा पूर्ण एक फेराही होत नाही, आणि सुट्या मुरमाच्या चढाला तेवढेच लागते. अशा चढावर सीटवरून उठू नये. वजन मागच्या चाकावरून गेले की ते जागच्या जागी फिरते. ब्रेकचे म्हणाल तर तांबड्या मातीचे पाणी म्हणजे पॉलिश पेपरच आहे. रेझिनचे पॅड एका पावसाळी घाटात अर्धे झिजू शकतात. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, मात्र काही डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असे कोरलेले असते, ते आधी पाहावे. पॅडचा थर १ मिमीवर आला की बदलावा. चेनला पावसात ओले तेल आणि हिवाळ्यात कोरडे किंवा मेणाचे; उन्हाळ्याच्या धुळीत ओले तेल घातले की चेन सहाणेसारखी घासत राहते.

आता बंधाऱ्यांकडे वळतो, कारण जिवाला खरा धोका तिथेच आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दगडी खांब, त्यांच्या खाचांत बसवायचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) आणि वरून अरुंद स्लॅब. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पाऊस संपल्यावर पुन्हा घालतात. शेतकऱ्याला पाणी आणि दोन्ही काठांच्या गावांना वाट, असे दोन उपयोग या बांधकामाने साधले. सायकलस्वाराला तर हे बंधारे म्हणजे वरदान आहेत. कासारीवर यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे, बाजारभोगाव, भोगावतीवर हळदी, राशिवडे, तारळे, असे एका काठावरून दुसऱ्या काठाला जात दिवसभर हमरस्ता न लागता फिरता येते. पण बऱ्याच बंधाऱ्यांना कठडा नाही. स्लॅबवरून पाणी वाहत असेल, मग ते वीतभर का असेना, तर परत फिरावे. वाहते पाणी चाकाच्या पूर्ण उंचीवर ढकलत नाही, ते टायर खालून सरकवते, आणि गढूळ पाण्यात स्लॅबची कड दिसत नाही. पायी सायकल ढकलत जाणेही तितकेच धोक्याचे, कारण आडवी सायकल पाण्याला अडवून धरते आणि माणसालाही घेऊन जाते.

पाणी ओसरल्यावर स्लॅबवर शेवाळासारखा बुळबुळीत गाळ राहतो. तिथे वळू नये, ब्रेक दाबू नये. शक्यतो उतरून मधून चालावे. आणखी एक बाब बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. त्या वेळी शहरात लख्ख ऊन असू शकते, पण खालच्या बंधाऱ्यांवर काही तासांनी पाणी चढते. सकाळी कोरडा पार केलेला बंधारा दुपारी परतताना कोरडाच असेल असे जुलै-ऑगस्टमध्ये धरून चालू नये. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. आमचे मत असे की इशारा पातळी येण्याची वाट पाहू नये. पातळी वाढत आहे एवढे दिसले तरी नदीकाठचा बेत रद्द करावा.

नव्या माणसाने कुठून सुरू करावे? शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी, प्रयाग चिखली. इथे भोगावती आणि कासारीचा संगम होऊन पुढे पंचगंगा वाहते. तिथून कासारीच्या काठाने यवलूज, पुनाळ करत बाजारभोगावपर्यंत आणि कळे गावावरून परत, साठ-सत्तर किलोमीटर होतात, चढ फारसा नाही, आणि दर चार-पाच किलोमीटरवर गाव असल्याने पाण्याची अडचण नाही. ज्याला सपाटीच हवी त्याने नृसिंहवाडी, कुरुंदवाड, अकिवाट करत खिद्रापूर गाठावे. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचे ४८ खांब आणि वरचे उघडे गोल आकाश पाहायला सकाळचे ऊन चांगले. मात्र हा सगळा काळ्या मातीचा पट्टा, डिसेंबर ते मार्च एवढाच त्याचा हंगाम. ज्योतिबाच्या डोंगराकडे जाताना पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत, तिथे फार थोडे लोक थांबतात. अर्ध्या दिवसाच्या फेरीला ती पुरेशी आहेत.

भुदरगड तालुक्यातल्या रांगणा किल्ल्याकडचा हा अनुभवी स्वारांचा रस्ता. गारगोटीपर्यंतच पन्नासेक किलोमीटर होतात, पुढे पाटगाव, आणि तांब्याच्या वाडीपासून चिक्केवाडीकडे दाट जंगलातली खडबडीत वाट. इथे मोबाइलला भरवसा नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते पाटगावात कुणाला तरी सांगून जावे. एकट्याने जाऊ नये. माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर हवी. मार्चमध्ये चढाला तासाला पाऊण लिटर सहज लागते.

या सगळ्या पट्ट्यात गवे आहेत. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे, आणि गवे काही त्याच्या हद्दीतच राहत नाहीत. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते रस्त्यावर येतात. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे वळणावर एकदम समोरासमोर गाठ पडते. दिसला की थांबावे, घंटी वाजवू नये, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवून हळू मागे सरावे. कळपापेक्षा एकटा नर जास्त बेभरवशाचा, आणि पिलू आणि आई यांच्या मध्ये तर कधीच जाऊ नये. दिवस मावळायच्या आत जंगलातून बाहेर पडणे हाच खरा उपाय. अभयारण्यात वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय सायकल नेऊ नये, आणि परवानगी नाही म्हटल्यावर गावातल्या पोरांना धरून चोरवाटेने तर अजिबातच नाही.

आता मसाई पठार. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज याच पठारावरून विशाळगडाकडे गेले. त्या वाटेने जायची ओढ कुणालाही वाटेल आणि ती वाटलीच पाहिजे. पण ती वाट चाकांची नाही. जांभ्याच्या सड्यावर (उघड्या खडकाच्या सपाटीवर) मातीचा थर बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात याच थरावर आणि खडकातल्या उथळ डबक्यांत सोनकी, तेरडा, सीतेची आसवे, कीटक खाणारी दवबिंदू वाढते. रुंद टायर एकदा फिरला की हा थर दाबला जातो, पाणी त्या चाकोरीतून वाहू लागते आणि माती धुपून उघडा दगड राहतो. तो पुन्हा मातीने झाकायला किती वर्षे लागतील ते कुणी सांगू शकणार नाही. म्हणून जून ते ऑक्टोबर पठारावर सायकल नेऊ नये, आणि कोरड्या दिवसांतही मळलेली गाडीवाट सोडू नये. पठारापलीकडे कुंभारवाडी, खोतवाडीकडची उतरण तर निसरड्या दगडांची आणि ओढ्यांची आहे, ती पायी चालायची वाट आहे, तिला तशीच राहू द्यावी.

गडावरही हाच नियम. पन्हाळ्यावर तीन दरवाजापर्यंत रस्ता आहे, पण अंधारबाव, अंबरखाना, तटबंदी आणि पायऱ्या यांच्यावर सायकल चढवून फोटो काढण्याचे प्रकार वाढत आहेत. चुन्यात बसवलेला दगड एका ठिकाणी हलला की पावसाचे पाणी आत जाते, झाडाची मुळी शिरते, आणि काही वर्षांत तो बुरूज ढासळतो. भुदरगडाकडे किंवा सामानगडाकडे राखणदार नाही म्हणून तिथे चालते, असेही नाही. कड्यांना आग्या मोहळे असतात, तिथे अत्तर लावून जाऊ नये आणि फेब्रुवारीनंतर वाळल्या गवतात कसलाही जाळ करू नये.

शेवटी प्रशासनाकडे आणि ग्रामपंचायतींकडे काही मागण्या. पाणंद रस्त्यांचे खडीकरण जिल्ह्यात सुरू आहे, त्याचे स्वागतच आहे. पण अनेक ठिकाणी खडी अंथरून काम अर्धवट सोडलेले दिसते. खडीकरणात साधारण ७५ मिमी जाडीचा थर कडेकडून मध्याकडे रोलरने दाबायचा, फटींत बारीक कच भरायची, पाणी मारत पुन्हा दाबायचे आणि वरून मुरमाने बांधायचे, असा क्रम आहे. शेवटच्या दोन पायऱ्या गाळल्या की सुटी खडी गोट्यांसारखी पायाखाली फिरते. त्यावर आमचे टायर तर घसरतातच, पण बैलाचे खूर दुखावतात आणि शाळेला सायकलने जाणाऱ्या मुली पडतात. तीन मीटर रुंद पाणंदीचा मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर उंच हवा, दोन्ही बाजूंना चर हवा आणि उसाच्या पाटाचे पाणी जिथे आडवे जाते तिथे मोरी हवी. एवढे केले तर प्रत्येक पाणंद काँक्रीटची करायची गरज उरत नाही.

बंधाऱ्यांच्या दोन्ही टोकांना, स्लॅबच्या कडा दाखवणारे दोन-दोन खांब उभे करावेत आणि त्यांवर दर दहा सेंटिमीटरला पांढरा-तांबडा पट्टा ओढावा. पाणी आले की किती आले ते काठावरूनच कळेल. आणि मसाई पठाराच्या चढणीला, गुरांना वाट राहील इतके अंतर सोडून मोठे दगड रोवून मोटारी अडवाव्यात, खाली सायकली बांधायला लोखंडी नळ्यांचा साधा कठडा द्यावा. म्हाळुंगेच्या गावकऱ्यांनी त्याची राखण केली आणि सायकलमागे दहा-वीस रुपये घेतले, तर आम्ही ते आनंदाने देऊ.

आपले,
ग्रॅव्हल सायकल चालवणारे काही कोल्हापूरकर